मारी बिस्किटातली मारी कोण? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

बांद्र्याची जत्रा जवळ आली की आमच्या इनबॉक्समध्ये मोत माउलीबद्दल, म्हणजे तिथल्या माउंट मेरी चर्चबद्दल, पत्रं येतातच, कुठल्या दिवशी गर्दी कमी असते, बस कुठून मिळते वगैरे. ह्या वर्षी मात्र गंमत झाली, अर्ध्याहून जास्त पत्रं फक्त 'मेरी' ह्या नावावर. जत्रेचं एका ओळीत सांगते, ८ सप्टेंबरच्या पुढच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते, त्या रविवारी गाडी घेऊन हिल रोडला जायचं धाडस करू नका. बाकी सगळी जागा नावाला.

प्रश्न : ताई, आम्ही वाकोल्याला राहतो. डिसेंबरात बाळ येणार आहे, मुलगी झाली तर मारिया ठेवायचं असं आमच्या दोघांच्या मनात आहे. पण सासूबाई गोव्याच्या, त्या म्हणतात आमच्याकडे मोरी म्हणतात, आणि माझ्या माहेरी मोरी म्हटलं की भांडी घासायची जागा, सगळे हसतायत. त्यात जावेने गूगल करून सांगितलं की ह्या नावाचा अर्थ 'कडू' असा आहे. खरं काय?

उत्तर : अगं आधी अभिनंदन! सासूबाईंचं अगदी बरोबर आहे, कोंकणी प्रार्थनेत 'नमान मोरिये, कृपेन भरिले' असंच म्हणतात, पोर्तुगीजांनी आणलेली मारिया गोव्याच्या तोंडी मोरी झाली आणि गेली कित्येक शतकं तशीच आहे. बर्थ सर्टिफिकेटवर मारिया लिहा आणि आजीला मोरी म्हणू दे, माहेरचे हसतील दोन दिवस.

आता कडूचं. ह्या नावाचं मूळ हिब्रू मिर्याम. बायबलच्या जुन्या करारात मोशेची, म्हणजे इस्राएली लोकांना इजिप्तमधून सोडवणाऱ्या पुढाऱ्याची, थोरली बहीण आहे ना, ते लोक समुद्र पार करून पलीकडे पोचल्यावर हातात डफ घेऊन बायकांना नाचायला लावणारी, ती मिर्याम. हिब्रूत 'मार' म्हणजे कडू, म्हणून कुणीतरी कडू लावलं. दुसऱ्या कुणी 'मेरी' म्हणजे बंडखोरी ह्या शब्दाशी जोडलं. जेरोम नावाचे संत होते, चौथ्या-पाचव्या शतकातले, बायबल लॅटिनमध्ये आणणारे, त्यांनी मार म्हणजे थेंब आणि याम म्हणजे समुद्र अशी फोड करून 'समुद्राचा थेंब' असा अर्थ दिला, लॅटिनमध्ये स्टिला मारिस. पुढे नक्कल करणाऱ्या कुणाच्या तरी हातून बहुतेक स्टिलाचं स्टेला झालं आणि थेंबाचा तारा झाला! 'समुद्राचा तारा' हे मेरीमातेचं इतकं लाडकं बिरुद, ते असं एका अक्षराच्या घसरणीतून आलेलं असावं असं अभ्यासक म्हणतात. मला स्वतःला पटणारा अर्थ वेगळाच आहे, तो इजिप्तचा. जुन्या इजिप्शियन भाषेत 'मर' म्हणजे प्रेम करणं, त्यातून 'लाडकी'. मोशे हे नावसुद्धा इजिप्शियन वळणाचं आहे असं बरेच अभ्यासक मानतात, कुटुंब इजिप्तमध्येच राहत होतं, मग भावाचं नाव तिथलं तर बहिणीचं का नसावं. पण पक्कं कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे जावेने कडू म्हटलं तर तू लाडकी म्हण, पुरावा दोघींकडे सारखाच.

पक्कं आहे ते नाव फिरलं कसं ते. हिब्रूत आज मिर्याम म्हणतात पण त्याआधीचा उच्चार मर्याम असा 'अ'चा होता, म्हणूनच जुन्या ग्रीक भाषांतरात मारियाम येतं, आणि अरबीतलं मरियम पण तो जुना 'अ' धरून आहे. ग्रीकमध्ये शेवटचा 'म' कधी असायचा कधी नसायचा, लॅटिनने तो टाकूनच दिला आणि मारिया झालं, फ्रेंचांनी मारी केलं, इंग्रजांनी मेरी. मराठी बायबलमध्ये तर दोन्ही टोकं एकाच पुस्तकात सापडतील, मोशेची बहीण मिर्याम आणि येशूची आई मरीया, नाव एकच.

प्रश्न : मरीआई आणि मरीया, दोन्हीत 'मरी' आणि दोन्ही आई. काही कनेक्शन आहे का? आमच्या लालबागच्या ग्रुपवर जोरात वाद चालू आहे.

उत्तर : काही कनेक्शन नाही. आपली मरीआई पटकी-महामारीची देवी, 'मरी' म्हणजे साथ, गावात रोग आला की तिचा गाडा वेशीबाहेर न्यायचे, पोतराज अंगावर आसूड ओढत यायचा. ती इथल्या मातीतली. तमिळनाडूची मारिअम्मन पण अशीच रोगाची आणि पावसाची देवी, तिचाही मेरीशी संबंध नाही. पण गोंधळ इथेच संपत नाही, कारण केरळच्या ख्रिश्चन बायकांत मरियम्मा हे नाव असतं आणि ते मात्र सरळ मरियमवरून आलेलं. म्हणजे मारिअम्मन वेगळी, मरियम्मा वेगळी. ग्रुपवर हे फॉरवर्ड करा आणि दोन दिवस म्यूट करा.

प्रश्न : इतकं पवित्र नाव ना, मग लोक ते रोजच्या हाकेला कसं काय वापरतात? आपल्याकडे पण देवांची नावं ठेवतात हे मान्य, पण तिकडे चालायचं का?

उत्तर : चांगला प्रश्न आहे, कारण बऱ्याच ठिकाणी खरंच चालायचं नाही. आयर्लंडमध्ये बराच काळ सरळ मेरी ठेवायचेच नाहीत, मेल मुरे असं ठेवायचे म्हणजे 'मेरीची भक्त', आपल्याकडच्या रामदास, कृष्णदाससारखं. पुढे नाव ठेवायला लागले तरी आयरिशमध्ये माता मेरीला मुरे आणि शेजारच्या पोरीला मॉइरा, हा फरक आजतागायत आहे. तेच इंग्रजीत गेलं आणि मोइरा झालं. पोलंडमध्ये तर ह्याहून कडक. १६४६ मध्ये तिथल्या राजाने फ्रान्सहून बायको आणली, तिचं नाव मारी लुईज, तर तिला नावाची उलटापालट करून लुडविका मारिया व्हावं लागलं, कारण मारिया हे पहिलं नाव राणीलासुद्धा शोभत नाही असं तिथलं म्हणणं. आणि त्याच पोलंडमध्ये १८६७ साली वॉर्सात एक मारिया जन्मली, पॅरिसला शिकायला गेली, तिथे मारी झाली, लग्नानंतर मारी क्युरी. घरी तिला मान्या म्हणायचे, हे मला फार आवडतं, आपल्याकडच्या एखाद्या मनीषाला म्हणावं तसं.

ऑस्ट्रियात नेमकं उलटं. महाराणी मारिया थेरेसाला ११ मुली आणि सगळ्यांचं पहिलं नाव मारिया! हाक मारायला दुसरं नाव. सगळ्यात धाकटी मारिया अँटोनिया, ती फ्रान्सला सून म्हणून गेली आणि मारी अँत्वानेत झाली, पुढे तिचं काय झालं ते शाळेत शिकलोय.

आणि अमेरिकेत नुसता पूर. तिथल्या सरकारी नोंदी १८८० पासूनच्या आहेत, तेव्हापासून १९४६ पर्यंत दरवर्षी मुलींमध्ये एक नंबर मेरी, मग लिंडाने काही वर्षं खाल्ली, १९५३ ते १९६१ परत मेरी, आणि मग लिसाने जी जागा घेतली ती घेतलीच.

पुरुषांना पण चालतं बरं का. जर्मन संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर, फ्रान्समधले सगळे जाँ-मारी, आणि इथिओपियात तर गेब्रे मरियम म्हणजे मेरीचा सेवक, हेले मरियम म्हणजे मेरीचं सामर्थ्य, चांगले मिशीवाले पुरुष असतात.

प्रश्न : मी रुईयाला इंग्लिश लिटरेचर करते. मॉली आणि पॉली ही मेरीची टोपणनावं आहेत असं सरांनी सांगितलं. मेरीमधून पॉली? हे कसं शक्य आहे?

उत्तर : सरांचं बरोबर आहे. इंग्रजांना 'र'चा 'ल' करायची जुनी खोड, सॅराची सॅली, हॅरीचा हॅल, तसं मेरीची मॅली आणि मॉली. मग 'म'चा 'प' करायची दुसरी खोड, मेगची पेग आणि पेगी, मॅटीची पॅटी, तशी मॉलीची पॉली. पिंट्या, बबड्या, सोन्या ह्यांच्या मूळ नावाशी काय संबंध असतो ते आठव म्हणजे फारसं विचित्र वाटणार नाही.

बाकी जगात काय काय झालंय ते पण बघ, परीक्षेत येणार नाही पण मजा आहे. रशियात माशा, मारुस्या. झेक लोकांत माझेंका. हंगेरीत मारिश्का. वेल्समध्ये मायर. फ्रेंचांनी मारियोन केलं, मानोन केलं. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये मारी म्हणतात पण हाक मारताना 'म'चा 'व' होतो आणि वारी होतं, पंढरपूरची आठवण यावी असं. हवाई बेटांवर 'र' नाहीच, म्हणून मालिया, ओबामांच्या थोरल्या मुलीचं नाव तेच. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत मेरे. आणि आता सगळीकडे जोरात असलेलं मिया, ते पण मुळात मारियाचं लहान रूप, स्कॅन्डिनेव्हिया आणि जर्मनीकडचं.

प्रश्न : आमच्या ऑर्लेमच्या बिल्डिंगमध्ये डोलोरेस आंटी, कारमेन आंटी, लुर्डीस आणि फातिमा अशा चौघी आहेत. फातिमा तर मुसलमान नाव ना? कॅथलिक घरात कसं?

उत्तर : तुमच्या बिल्डिंगमध्ये चार मेरी राहतात म्हणा की! खरंच सांगते. स्पेन-पोर्तुगालकडे घरटी एक मारिया झाली, मग ओळखायचं कसं, म्हणून मेरीमातेची बिरुदं नावाला जोडायला लागले आणि हळूहळू मारिया गळून नुसतं बिरुद उरलं. मारिया दे लोस डोलोरेस म्हणजे दुःखांची मारिया, झाली डोलोरेस. कार्मेल डोंगराची मारिया, हा डोंगर इस्राएलमध्ये हैफाला, झाली कारमेन. तसंच पिलार, कोन्सुएलो, सोलेदाद. कन्सेप्शनची तर कोंचा आणि कोंचिता होते. मारिया इसाबेलची मारिबेल, मारिया तेरेसाची माइते. लिहीत बसले तर अंक संपेल.

आणि मुंबईकरांना हे समजायला स्पेनला जायची गरज नाही, चर्चची नावं वाचत जा. मरीन लाइन्सला सोनापूरचं चर्च अवर लेडी ऑफ डोलर्स, तीच डोलोरेस. बांद्र्याला माउंट कार्मेल, तीच कारमेन. माझगावला रोझरी, त्यावरून रोझारियो. भायखळ्याचं ग्लोरिया चर्च म्हणजे अवर लेडी ऑफ ग्लोरी, आणि पोर्तुगालची राणी मारिया दुसरी हिचं मूळ नाव मारिया दा ग्लोरिया. तुमच्या ऑर्लेमचं लूर्द्सचं, फ्रान्सच्या लूर्द गावात १८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या गरीब मुलीला मेरीमातेचं दर्शन झालं त्यावरून, म्हणून लुर्डीस. खुद्द मोत माउलीतलं 'मोत' पण पोर्तुगीज मोंते म्हणजे डोंगर ह्यावरून आलं असं मानतात, त्यामुळे 'मोत माउली' आणि 'माउंट मेरी' म्हणजे हूबेहूब तेच, फक्त आई म्हणायला आपण माउली वापरली जी आपण ज्ञानेश्वरांना म्हणतो, आणि ह्याहून मोठा मान मराठी माणूस देऊच शकत नाही.

फातिमाची गोष्ट सगळ्यात भारी आहे. फातिमा हे पोर्तुगालमधलं गाव. १९१७ मध्ये मे ते ऑक्टोबर तिथे मेंढरं राखणाऱ्या तीन मुलांना मेरीमाता दिसली असं मानतात, तेव्हापासून अवर लेडी ऑफ फातिमा आणि मुलींची नावं फातिमा. पण गावाला हे नाव कुठून आलं? तिथे अरबांचं राज्य होतं त्या काळातलं ते नाव, म्हणजे पैगंबरांच्या मुलीचंच. त्यामुळे तुमच्या आंटीचं नाव एकाच वेळी पूर्ण मुसलमान आणि पूर्ण कॅथलिक आहे, त्यावरून कुणी नाक मुरडत असेल तर त्याला हे ऐकवा.

हो, आणि मर्सिडीज राहिलीच! दयेची मारिया, मारिया दे लास मर्सेदेस. एमिल येलिनेक नावाचा व्यापारी फ्रान्समध्ये नीसला राहायचा, डाइमलर कंपनीच्या गाड्या विकायचा, १८८९ साली जन्मलेल्या त्याच्या मुलीचं नाव मर्सिडीज, तेच त्याने गाडीला लावायला लावलं आणि १९०१ च्या गाडीने धुमाकूळ घातला. पुढे १९०३ मध्ये ह्या माणसाने स्वतःचं आडनाव येलिनेक-मर्सिडीज करून घेतलं, बापाने मुलीचं नाव लावलं, असं किती वेळा ऐकतो आपण. तर बीकेसीच्या सिग्नलला थांबलेल्या त्या लांबलचक काळ्या गाड्या, त्या पण मेरीच.

प्रश्न : आदाब ताई, मी मुंब्र्याची. माझं नाव मरियम, ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी ख्रिश्चन. त्यांना काय सांगू?

उत्तर : सांगा की कुराणातला १९ वा अध्याय तुमच्या नावाचा आहे आणि अख्ख्या कुराणात नावाने उल्लेख असलेली बाई एकच, मरियम. बाकी सगळ्यांचा उल्लेख अमक्याची बायको, तमक्याची आई असा. मुघलांकडे तर हे नाव मानाची पदवी होती, अकबराची आई हमीदा बानू हिला मरियम मकानी म्हणायचे आणि जहांगीरची आई मरियम-उज-जमानी, म्हणजे 'ह्या युगाची मरियम', तिची कबर आग्र्याजवळ सिकंद्र्याला आहे, ती जन्माने राजपूत. म्हणजे राजपूत मुलगी, मुघल राणी आणि पदवीत येशूची आई, सगळं एकाच बाईत.

इराणात मरियम म्हणजे एक फूल पण, आणि ते कुठलं माहितीये, आपला निशिगंध. दादरच्या फूलबाजारात जो गठ्ठ्याने मिळतो तो. गणितातलं फील्ड्स मेडल २०१४ मध्ये पहिल्यांदा एका बाईला मिळालं ती इराणचीच, मरियम मिर्झाखानी.

ज्यूंचं राहिलं. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची घरची भाषा मराठी, आडनावं दिवेकर, पेणकर अशी, आणि मिर्याम नाव त्यांच्या धर्मग्रंथातलंच. मस्जिद स्टेशनजवळ त्यांचं १७९६ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. म्हणजे मस्जिदला मिर्याम, मुंब्र्याला मरियम, बांद्र्याला मेरी, गोव्याहून आलेली मोरी, सगळ्या एकाच लोकलने जाऊ शकतात.

प्रश्न : भाचीचं नाव मायरा ठेवलंय. ठाण्यात आमच्या सोसायटीत आणखी तीन मायरा आहेत. अॅपवर अर्थ 'प्रिय' आणि मूळ संस्कृत असं दिलंय. हे मेरीचंच रूप का?

उत्तर : संस्कृत नाही, अॅपवाले ज्याला त्याला संस्कृत लावतात, त्यांचं दुकान त्यावर चालतं. मेरीचं रूपही नाही. फल्क ग्रेव्हिल नावाचे इंग्रज कवी होते, १६२८ मध्ये वारले, त्यांनी आपल्या कवितेतल्या प्रेयसीसाठी हे नाव वापरलं आणि ते तिथून पसरलं. मोइराशी उच्चार जुळतो म्हणून गल्लत होते. भाचीला मोठी झाल्यावर सांगा की तुझं नाव एका कवीने घडवलंय, अॅपवरच्या 'प्रिय'पेक्षा हे तिला नक्की जास्त आवडेल.

प्रश्न : मी गिरगावातला, वय ७८. आयुष्यभर चहाबरोबर मारी बिस्कीट खाल्लं, ही मारी कोण ते अजून कळलं नाही. मरायच्या आधी कळवा.

उत्तर : काका, शंभरी गाठा, पण उत्तर आत्ताच घ्या. मारी म्हणजे रशियाच्या झारची मुलगी, मारिया अलेक्झांड्रोव्हना. १८७४ मध्ये तिचं लग्न व्हिक्टोरिया राणीच्या दुसऱ्या मुलाशी, आल्फ्रेडशी झालं, त्या खुशीत लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने हे बिस्कीट काढलं. आणि हा आल्फ्रेड तुमच्या ओळखीचा निघेल बघा, तो १८७० मध्ये मुंबईला आला होता, त्याने पायाभरणी केलेलं खलाशांचं वसतिगृह, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, म्हणजे रीगलसमोरची ती इमारत जिथे आज राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे. म्हणजे नवऱ्याच्या नावाची इमारत कुलाब्याला आणि बायकोच्या नावाचं बिस्कीट घरोघरी, कोण जास्त लक्षात राहिलं ते तुम्हीच ठरवा. स्पेनमध्ये ह्याच बिस्किटाला आजही मारिया म्हणतात.

प्रश्न : मॅरीगोल्ड आणि रोझमेरी, दोन्हीत मेरी आहे का? शाळेच्या प्रोजेक्टसाठी हवंय, उद्या सबमिशन आहे.

उत्तर : उद्या सबमिशन आणि मासिकाला पत्र, धन्य आहेस! उत्तर छापून येईपर्यंत प्रोजेक्ट गेलेलं असणार, तरी पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेव. मॅरीगोल्डमध्ये मेरी आहे, मेरीचं सोनं. पण आधी ते नाव दुसऱ्या एका युरोपियन फुलाचं होतं, आपण दसऱ्याला आणतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, त्याला ते नंतर चिकटलं. रोझमेरीत मेरी पण नाही आणि गुलाब पण नाही, ते लॅटिन रोस मारिनुस, म्हणजे समुद्राचं दव.